दहा वजनं, मास्टर एकच

ऑडिटर उद्या सकाळी येणार होते आणि एक्सेलमधला ‘३.२ ग्रॅम’ हा आकडा माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

अंबड एमआयडीसीतल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी आठ वर्षं आहे. काटे, मीटर खरं दाखवतात का, ते आम्ही तपासतो. मी गोंदियाकडचा, शाळा नववीत सुटली. इथं आलो तो वजनं उचलायला. टेक्निकल मॅनेजर वैद्य मॅडमनी आधी रीडिंग घ्यायला शिकवलं, मग शीट भरायला. या ऑडिटमध्ये पास झालो तर लॅबला दोनशे किलोच्या काट्यांच्या कामाची मान्यता मिळणार होती, आणि ते करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागणार होतं. आता मॅडमच्याच शीटमध्ये चूक काढायची होती.

दोनशे किलो चढवायला आम्ही वीस-वीस किलोची दहा वजनं वापरतो. प्रत्येक वजन एखादा ग्रॅम इकडेतिकडे असू शकतं. या शंकेला अनसर्टनटी म्हणतात. दहा शंका एकत्र करताना सहसा सरळ बेरीज करत नाहीत. एक वजन जड निघालं तर दुसरं हलकं निघेल, थोडं आपसांत मिटेल, असं धरतात. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. म्हणून दहाऐवजी ३.२.

पण आमची दहाही वजनं एकाच मास्टरशी ताडून बघितलेली. मास्टर म्हणजे कपाटात जपलेलं, खरं मानायचं ते वजन. त्या एका ग्रॅममधली जवळजवळ सगळी शंका मास्टरचीच होती.

चहाच्या वेळी धीर केला.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“तू असं म्हणालास की माझं काम वाढतं. विचार.”

“आमच्याकडं धान पायलीच्या मापानं मोजतात. एका वर्षी मोजणाऱ्याच्या पायलीला पोचा होता. आई म्हणाली, पोचा एकच, पण वीस पायल्या मोजल्या तर वीसदा कमी भरणार. आपला मास्टरच जरा चुकलेला असला तर...”

मॅडमचा कप हातातच राहिला. “तर दहाही एकाच बाजूला चुकणार. मिटणार काहीच नाही.” मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतले डोकावले. “अरे, कोरिलेशन! चुका एकमेकींशी बांधलेल्या! लोकांना शिकवते मी हे! जुन्या शीटचा फॉर्म्युला उचलला. तेव्हा वजनं वेगवेगळ्या लॅबमधून तपासून यायची.”

दहा शंकांची सरळ बेरीज केली. दहा ग्रॅम.

मालक सावंत साहेब वैतागले. “दहा? बाकीच्या लॅब तीन-चार लिहितात. गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“साहेब, आपल्या पायलीला पोचा असू शकतो.”

“कसली पायली?”

मॅडमनी त्यांना समजावलं. साहेब पुटपुटत गेले, पण सही करून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑडिटरचं बोट नेमकं त्याच आकड्यावर थांबलं. “दहा का?”

“हा सांगेल,” मॅडम म्हणाल्या.

एकच मास्टर, एकाच दिशेची चूक, सगळं सांगितलं. घाबरून पायलीही सांगून टाकली.

“शिक्षण किती?”

“नववी, सर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. आता गेलं, असं वाटलं. “तीन लिहिलं असतं, तर या कामाला मी मान्यता दिली नसती,” ते म्हणाले. “आणि ती पायली मिळाली तर सांगा. ट्रेनिंगला दाखवीन.”

त्या दुपारी लॅबमध्ये जिलबी आली. यादीत माझं नाव लागलं. पहिलं काम पिंपळगावच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या काट्याचं. दहाही वजनं टेम्पोत मीच चढवली, कुणाला हात लावू दिला नाही.

आईला फोन केला. तिला एवढंच कळलं की पोचा कामी आला. “म्या तवाच सांगितलं होतं,” म्हणाली.

आता कुठलीही शीट उघडली की आकडे नंतर बघतो. आधी बघतो, मास्टर किती आहेत. दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली, तरी आधी विचारावं, त्या सगळ्यांना सांगितली कुणी.