ब्याऐंशीची बरणी

दादा गेल्याचा निरोप पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरनं आणला. पोळ्याला चार दिवस राहिले होते, मी सौसरच्या शाळेत पाचवीला भागाकार शिकवत होते, आणि तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, चिनी मास्तर गेले. वयनीनं लवकर बोलावलं तुमाले." सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला अशी, गावानं ठेवलेल्या टोपणनावानं मिळाली. रडू यायच्या आधी मला राग आला. एकतीस वर्षं ज्यानं पांढुर्ण्याच्या पोरांना पेन्सिल धरायला शिकवलं, त्याला मधुकर नावाचं एक नाव होतं... पण ते शाळेच्या हजेरीपटावरच राहिलं.

त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी मला त्याच्यावर लिहा असं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड लिहितात, आणि दादाबद्दल गोड लिहायला माणसं पुष्कळ आहेत. हसणारे तेच होते, आता डोळे पुसणारेही तेच आहेत. मला जे लिहायचं आहे ते गोड नाही, आणि त्यातलं सगळ्यात कडू माझ्याबद्दलचं आहे. तरी लिहिते. दुसऱ्या कोणाला ते माहीत नाही, आणि मी तोंड मिटून बसले तर माझ्यासोबतच जाईल.

हे चीन आमच्या घरात एका दाढेमुळे आलं. दादाची दाढ सडली होती, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून तो पॅसेंजरनं नागपूरला एका चिनी दंतवैद्याकडे गेला. दाढ निघाली, पण ओळख राहिली. त्या घरातल्या बाईंनी त्याला वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा काढा पाजला, आणि दादानं कौतुकानं सांगितलं की आमच्या भागात संत्र्याचे डोंगर असतात, साल आम्ही ढोरांसमोर टाकतो. तेव्हा ते दंतवैद्य हिंदीत म्हणाले, "आप लोग फल खा लेते हैं और दवा फेंक देते हैं।" हे वाक्य दादाला असं लागलं की पुढची दहा वर्षं तो महिन्यातून एकदा नरखेड-काटोल करत नागपूरला जात राहिला. दात सगळे शाबूत असताना.

ते लोक वर्षाचे पाच ऋतू धरतात. दादा ड्रॉइंगचा मास्तर, त्यानं मोठ्या कागदावर पाच रंगांचं एक चक्र काढलं आणि बैठकीच्या भिंतीवर लावलं. हिरवा वसंत यकृताचा, लाल उन्हाळा काळजाचा, मग पावसाच्या शेवटी जी ओल दाटते तिचा पिवळा ऋतू पोटाचा, कोरडा पांढरा शरद फुफ्फुसाचा, आणि काळा हिवाळा मूत्रपिंडाचा. चीनचे महिने इथं जुळेनात, तेव्हा त्यानं ते आपल्या सणांना बांधून टाकले. होळी झाली की पहाटे उठून जांब नदीच्या काठानं चालायचं आणि आंबट कमी करायचं. उन्हाळ्यात कारलं. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत होणारी दगडांची गोटमार आटोपली की दसऱ्यापर्यंत माठाचं पाणी बंद, कोमट पाणी आणि आलं. दिवाळीनंतर सालीचा काढा. थंडीत काळे तीळ, काळे उडीद, लवकर निजायचं आणि दिवेलागणीला पाय गरम पाण्यात घालून बसायचं. मी चिडवायची, "दादा, चीनमध्ये गोटमार कुठं असते रे?" तो म्हणायचा, "गोटमार नसन, पण ओल तर असते ना सुमे."

गावाला मात्र हे सहन झालं नाही. बासष्टचं युद्ध कोणी विसरलं नव्हतं. "त्यायनं आपल्यावर बंदुका चालवल्या, अन हा त्यायचा काढा पिऊन राहिला," असं पानठेल्यावर चालायचं. नाडी दाखवल्यासारखा हात पुढं करून लोक विचारायचे, मास्तर, आमच्यात कोणता ऋतू चालू हाय? तो हसून सांगायचाही. मला वाटायचं, या माणसाला अपमान कळतच नाही की काय. आणि कार्तिक लागला, घराघरात खोकला सुरू झाला, की हेच लोक हातात लोटा घेऊन त्याच्या दारात. आलं, जुना गूळ आणि तीन वर्षं जुनी साल, एवढंच तो उकळून द्यायचा. त्याची एक गोष्ट मी कोणालाही ठणकावून सांगेन. खोकला तीन आठवड्यांवर गेला किंवा ताप हटेना, तर तो काढा द्यायचा नाही. सरळ सरकारी दवाखान्याची वाट दाखवायचा. "सालीनं क्षय जात नाही," म्हणायचा. वेडा होता, पण लबाड नव्हता. लबाडी त्या घराण्यात माझ्या वाट्याला आली.

साल आमच्या बागेची जायची. माझं सासर सौसरचं, बोरगावच्या रस्त्यावर आमची संत्र्याची बाग आहे, शेजारी कपाशी. आई गेल्यावर दादाचं माझ्याकडे येणं कमी झालं होतं, मास्तरकी, संसार, त्याची ती नागपूरची वारी. सालीमुळे तो पुन्हा येऊ लागला. भाऊबीजेला येताना काखेत रिकामं पोतं घेऊन यायचा. बाकीच्यांचे भाऊ लुगडं आणतात, माझा भाऊ पोतं आणायचा. आदल्या आठवडाभर मी संत्री सोलून ठेवायची, त्यानं शिकवल्याप्रमाणे, देठाकडे न तोडता तीन पाकळ्यांत, मग उलटी करून गच्चीवर उन्हात. तो ओवाळून घ्यायचा, जेवायचा, पोतं भरायचा आणि शेवटच्या बसनं जायचा. घरी गेल्यावर चिनी मातीच्या बरणीत भरून वर फडकं बांधायचा, कागदावर सुंदर अक्षरात लिहायचा... वर्ष, सौसर, सुमीची बाग. तीन वर्षं ती बरणी उघडायची नाही. "साल जितकी जुनी तितकी शहाणी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझं नाव असं कुठं लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही, जमिनीच्या कागदावरही नाही.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात बागेवर कोळशी आली. पानं, फांद्या, कच्ची फळं, सगळं काजळ फासल्यासारखं काळं. आमच्या शेजारच्यानं बाग उपटून टाकली. यांनी पाठीवरचा पंप आणला, औषध आणलं आणि फवारणी सुरू केली. बाग वाचली. त्याचा दोष मी यांना देत नाही, तिच्यावर पोरांची शिक्षणं झाली. दिवाळीच्या आधी मी सोललेली सालं टोपलीत घेऊन गोठ्याकडे निघाले तर यांनी अडवलं. म्हणाले, "ढोरायसमोर नको टाकू ते. फवारा मारला हाय." मी टोपली तिथंच उकिरड्यावर उलटी केली. त्या दिवसापासून आमच्या गाईनं संत्र्याची साल खाल्ली नाही.

आणि आठ दिवसांनी भाऊबीजेला मी दादाचं पोतं भरून दिलं.

आता याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी म्हणावं. मी तेव्हा मनाशी काय म्हटलं ते सांगते. साल विहिरीच्या पाण्यानं दोनदा धुतली होती. म्हणजे मला माहीत होतं, न माहीत असतं तर कशाला धुतली असती. दुसरं म्हणजे, तीन वर्षं तो ती उघडणार नाही, तोवर सांगू. सांगितलं तर पोतं बंद, आणि पोतं बंद तर भाऊबीजेचं येणंही बंद होईल, ही माझी भीती. ती खरी होती की नाही कोण जाणे, पण मला ती तेव्हा खरी वाटली. तीन वर्षं म्हणजे केवढी थोरली वाटली होती मला. त्र्याऐंशीला म्हटलं पुढच्या वर्षी, चौऱ्याऐंशीलाही तेच म्हटलं. दर वर्षी पोतं भरलं, दर वर्षी साल दोनदा धुतली.

पंच्याऐंशीची भाऊबीज आली. ब्याऐंशीची बरणी उघडायचं ते वर्ष. त्या दिवशी मी सांगणारच होते, शप्पथ सांगते, सकाळपासून तोंडाशी आणून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर दादा म्हणाला, चल, बाग पाहून येऊ. गेलो. बागेतल्या खोपडीच्या भिंतीवर पंप टांगला होता, तो त्याला दिसला.

"हा काहून वं सुमे?"

"कपाशीचा आहे," मी म्हटलं.

इतकं पटकन आलं ते तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. दादानं पंपाकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. ज्या माणसाचं आयुष्य रंग पाहण्यात गेलं त्याला संत्र्याच्या पानावरचे वाळलेल्या औषधाचे पांढरे ठिपके दिसले नसतील का... तो "बरं" म्हणाला. घरी येऊन त्यानं पोतं भरलं, नेहमीसारखं दाबून दाबून, आणि बसमध्ये खिडकीशी बसून हात हलवला. मला वाटलं, सुटले.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याला अन्न जाईनासं झालं, अंग उतरलं, मग डोळे पिवळे दिसू लागले. आरशात पाहून म्हणाला, "यंदा पिवळा ऋतू लवकर आला." पण घरी काढे पीत बसला नाही तो. "हे माह्या कागदावरचं काम नाही," म्हणाला आणि नागपूरच्या दवाखान्यात गेला. यकृत खराब झालं आहे असं तिथं सांगितलं. बिडी नाही, दारू नाही, पहाटे नदीवर चालणारा माणूस. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, फवारणीच्या औषधानं असं होतं का हो, फळाच्या सालीतून वगैरे. ते म्हणाले, कशानं झालं ते आता सांगता येणार नाही, पुष्कळ कारणं असू शकतात. हो म्हटलं असतं तर मी छाती बडवली असती, नाही म्हटलं असतं तर सुटले असते. आता या 'सांगता येणार नाही'सोबत मला राहायचं आहे.

शेवटची भेट पुढच्या वर्षीच्या आषाढातली. खाट त्यानं त्या चक्राच्या समोर लावून घेतली होती. पाय सुजले होते, तरी मला म्हणाला, "ओल लागन, पाय गरम ठेवत जा." मी सांगायला गेले होते. वहिनी चहा करायला आत गेली, खोलीत आम्ही दोघंच. त्यानंच विचारलं, "यंदा बहार कसा हाय?"

"चांगला आहे."

"कोळशी?"

"नाही आता."

"मंग झालं," म्हणाला, आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी पोराच्या परीक्षेचं काहीतरी बोलले. तो ऐकत होता. त्यानं मला दार उघडून दिलं होतं हे मला आता कळतं, तेव्हाही कळलं असावं, पण माझा पाय उचलला नाही.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनीनं मला माजघरातल्या फळीपाशी नेलं. म्हणाली, "ह्या बरण्या तुमीच पाहा बाई, मले काही समजत नाही यातलं." दोन रांगा होत्या. पुढच्या रांगेतल्या बरण्यांवर लिहिलेलं, 'सावरगाव. फवारा नाही.' नदीपलीकडे कोणाच्या तरी परसात एक जुनं झाड होतं, त्याची साल तो पंच्याऐंशीपासून आणायचा, लोकांचा काढा तिचा, तीन वर्षं मुरायची वाट न पाहता. मागच्या रांगेत माझ्या. 'सौसर, सुमीची बाग.' त्र्याऐंशीपासून पुढच्या बरण्या गच्च भरलेल्या, फडकंही सुटलेलं नव्हतं. ब्याऐंशीची तेवढी उघडलेली. माझ्या या प्रत्येक बरणीच्या कागदावर खाली एक ओळ जास्तीची होती, जुन्या बरण्यांवर ती वेगळ्या शाईनं, नंतर लिहिलेली. 'फवारलेली आहे. बाहेर कोणाला देऊ नये.'

मी ब्याऐंशीची बरणी खाली उतरवली. तळाशी चार बोटं साल उरली होती.

"ही कोण प्यायचं वहिनी?"

"दुसरं कोण पिणार? मी तर चहावाली. मी म्हटलं होतं, माहीत हाय तर फेका ना ते. तर म्हणे, सुमीनं वाळवून देल्ली, भाऊबीजेची हाय, फेकू कशी. अन मले म्हणे, तिले सांगू नको, वाईट वाटन तिले."

मला वाईट वाटू नये म्हणून. दादा, अरे मला वाईट वाटायलाच हवं होतं. पंपासमोर तू एक कानाखाली द्यायची होती मला, लहानपणी द्यायचास तशी. तू खोटं पकडलंस, झाकलंस, आणि रोज सकाळी उकळून प्यालास, जवळजवळ तीन वर्षं. लोक म्हणतात मास्तर देवमाणूस होते. मला तुझ्या या चांगुलपणाचा राग येतो, फार राग येतो, आणि तो कुठं ठेवावा ते समजत नाही.

यंदाची भाऊबीज परवा झाली. पोतं घेऊन कोणी आलं नाही. ती बरणी मी सौसरला आणली आहे, स्वयंपाकघरात फळीवर आहे, फडकं त्यानंच बांधलेलं. सकाळी नातवासाठी एक संत्रं सोललं, तर बोटांनी आपोआप तीन पाकळ्या केल्या, देठ न तोडता. साल हातात घेऊन मी गोठ्यापाशी उभी राहिले. वासानं गाईनं मान वर केली, जीभ बाहेर काढली. फवारणी होऊन महिना झाला होता, आणि साल मी धुतलीही होती.

तरी तिला दिली नाही.