मावशींच्या अंगणाचा उतार

"पाण्याला इचारा," असं म्हणून मावशी हातातला तांब्या जमिनीवर कलंडवायच्या. कुणी कितीही शहाणपण सांगो, पाणी कुठं जातं ते दिसेपर्यंत त्या हूं की चूं करायच्या नाहीत. उकिडव्या बसून ओल्या रेघेकडं बघत राहायच्या. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आमच्या हसनाबादेत ही एकच होती, आणि ते कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

मी त्यांना 'मावशी' म्हणायला लागलो तेही उशिराच. लहानपणी आमच्या घरातले सगळे त्यांना एकेरी हाक मारायचे, म्हणून मीही मारायचो. त्या आमचं खळं आणि गोठ्यापुढची जागा शेणानं सारवायच्या. वडील बाहेर आले की त्या उठून बाजूला उभ्या राहायच्या. हे आठवलं की आजही मला लाज वाटते.

पुढं त्यांचा मुलगा शिकला आणि मी शिकवायचो त्याच शाळेत मास्तर झाला. आमची दोस्ती जमली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्यानं बौद्धवाड्यात विटांचं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आईला म्हणाला, "आता तू शेणात हात घालायचा न्हाई."

"बिलकुल न्हाई घालणार," मावशी म्हणाल्या. "पण अंगण माझं. लोकांच्या जमिनी लोकांच्या सांगण्यानं सारवल्या. ही माझ्या सांगण्यानं व्हईल."

आता अंगणात घालायचं काय? शाळेतल्या प्रत्येकाला मत होतं. हेडमास्तरांना गुळगुळीत रंगीत लाद्या आवडायच्या. मी सिमेंटच्या कोब्याचा कैवारी. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मुलाकरवी तीन नमुने आणवले. दारापुढं एक लादी, एक खडबडीत शहाबादी फरशी आणि मध्ये घोंगडीएवढा कोबा. उन्हाळाभर त्या त्यांच्यावरून अनवाणी फिरल्या. येता-जाता पाणी ओतत होत्या. बघायला आलेले हेडमास्तर ओल्या लादीवरून असे घसरले, की लाद्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वैशाख संपता संपता माझ्या कोब्याला आरपार चीर गेली. मावशींनी मला मुद्दाम बोलावून तिच्यात बोट घालून दाखवलं.

"आपली काळी माती हाय, मास्तर. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. खळ्याच्या भेगा बुजवण्यात जल्म गेला माझा. कोबा जागचा हालत न्हाई, मंग फुटतो. फरशी हालली तर उचलून परत बसवता येती."

मी आठ वर्षं पोरांना भूगोल शिकवत होतो. काळ्या मातीचे गुणधर्म फळ्यावर लिहून देत होतो.

फरशी ठरली. जालन्याहून नावाजलेला गवंडी आला. पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध आणून त्यानं अर्धं अंगण सरळसोट बसवलं. मावशींनी तांब्या कलंडवला. पाणी थोडं घुटमळलं, पसरलं आणि घराच्या भिंतीशी साचून राहिलं.

"उतार न्हाई," मावशी म्हणाल्या.

"पाणसळ बघा की मावशी. बुडबुडा बराबर मधी हाय."

"बुडबुड्याला ऱ्हायचंय का इथं? मला ऱ्हायचंय."

बघायला जमलेले लोक हसले आणि गवंड्याला ते झोंबलं. "आता सारवणारी बाई मला फरशी शिकवून राह्यली!" तो म्हणाला.

मुलगा खालमानेनं पुटपुटला, "जाऊ दे आई. जाईल पाणी मुरून." मला वाटलं, संपलं. आयुष्यभर जे ऐकत आल्या तेच आता स्वतःच्या दारात ऐकून घेतील.

मावशींनी आवाज चढवला नाही. "उचला," एवढंच म्हणाल्या.

"किती?"

"सगळ्या."

गवंडी थापी-ओळंबा पिशवीत भरायला लागला. मावशींनी पदर खोचला आणि पहिली फरशी स्वतः उपसून काढली. खालचा मुरूम तळव्यानं ओढला, थोपटला. खळं सारवताना फिरायचा तसाच तो हात फिरत होता. चार फरश्या बसवून त्यांनी पाणी ओतलं. पाणी कुठंही न थांबता गल्लीकडं धावलं. मी शाळेतल्या पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

गवंड्यानं पिशवी खाली ठेवली. "किती धरला उतार?"

"मोजला न्हाई. हाताला कळतंय."

त्यानं मोजला. दर दोन हातांना एक बोट. मग तो खाली बसला आणि उरलेलं अंगण मावशी सांगतील तसं बसवलं.

त्या पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढा चिखल होता, पण मावशींचं अंगण पाऊस थांबला की तासाभरात कोरडं. ही बातमी गावभर झाली. आमच्या वडिलांनाही घरापुढं फरशी घालायची होती. त्यांनी गड्याकरवी निरोप धाडला, "बोलाव तिला." गडी उलटा निरोप घेऊन आला, "काम मालकाचं हाय, तर मालकानं यावं म्हन्ती."

वडील दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी वहाणा चढवून निघाले. मी धास्तावून मागोमाग गेलो.

मावशी अंगणाच्या मधोमध पाय पसरून तूर निवडत होत्या. मी त्यांच्या पायांकडंच बघत होतो. आता उठतील, आता उठतील. त्या उठल्या नाहीत.

"या मालक. बसा."

खुर्ची नव्हती. वडील थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग वहाणा काढल्या आणि फरशीवर मांडी घालून बसले. सुनेनं चहा आणला, तो प्यायले. म्हणाले, "बाई, आमच्या अंगणाचं जरा बघा."

'बघा' म्हणाले ते. जन्मात पहिल्यांदा. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

मावशींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी आमच्या अंगणाच्या फरश्या पुन्हा बसवायला भोकरदनकडचा एक तरुण गवंडी आला होता. त्यानं मुरूम पसरला, दोरी ताणली आणि मला विचारलं, "उतार कोणता धरू, मास्तर? साधा, का मावशीचा?"

कोण मावशी, ते त्याला ठाऊक नव्हतं.