शेवटचा 'नाही'

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते वाघमारे सर. कवठे महांकाळहून कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी आलो, तोवर आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. सर प्रश्न शेवटच्या बाकापासून विचारत. मी तिथेच बसे. "असेल, सर," असं पुटपुटलो की ते सरळ गावच्या बोलीत येत. "हाय का न्हाई, एवढंच सांग रं. असंल नको."

पुढे कॉलेज सोडून त्यांनी कुपवाडला एका कारखान्याच्या माडीवर दोन संगणक मांडले आणि मला बोलावून घेतलं. यंत्रांची माहितीपुस्तकं संगणकावर घ्यायची, मथळा, पायरी, धोक्याची सूचना अशा खुणा करायच्या, रचना बरोबर आहे का ते प्रोग्रामने तपासायचं आणि छपाईसाठी नवं रूप करायचं, असं काम. सर सगळं लहान लहान फंक्शनांनी, म्हणजे एकेकच काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यांनी, करत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती. "मूळ प्रतीला हात लावायचा न्हाई. लावलास, तर चुकलं कुठं हे कुणाला इचारशील?"

एका दुपारी बॉयलरचं पुस्तक छापखान्यात जायचं होतं. तो बॉयलर खालच्याच शेडमधली माणसं चालवणार होती. तपासणीत रचना बरोबर निघाली. सर ते बॅगेत घालून छापखान्याकडे निघाले. मी सहज पान वाचलं: "वाफ असताना झाकण उघडायचे."

मी मूळ प्रत काढून पाहिली. तिच्यात होतं, "उघडायचे नाही." सूचनेतला एकेक शब्द घेऊन उरलेलं पुन्हा स्वतःलाच देणारं एक नवं फंक्शन होतं. एकच शब्द उरला की तो न घेताच ते रिकाम्या हाताने थांबे, म्हणून शेवटचा शब्द गळे. पुस्तकातली प्रत्येक सूचना 'नाही'वर संपत होती आणि 'नाही' गळूनही वाक्य धड वाटत होतं. रचना बरोबर, अर्थ उलटा. आणि ते फंक्शन सरांनी लिहिलेलं होतं.

ज्यांनी इथवर आणलं, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? जिन्यात त्यांच्या चपला वाजत उतरत होत्या. मी मागे धावलो. काहीतरी चुकलं असेल, असं कसंबसं बोललो.

"असंल?"

"हाय, सर."

ते वर आले. पान वाचून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "शेवटच्या बाकाला कायम आधी इचारलं गड्या, आन् शेवटच्या शब्दालाच इसरलो." छापखान्याला फोन करून त्यांनी सांगितलं, "चूक माझी आहे, पुस्तक उद्या मिळेल." तेव्हापासून कोणतंही फंक्शन लिहिलं की आधी त्याला एकच शब्द देऊन बघायचा, हा आमचा नेम झाला.

मी पुण्याला नोकरीला गेलो. सर पुढे साताऱ्याला राहायला गेले. ते तिथे आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा कामात लक्ष लागेना. शेवटी पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सविनय जयभीम.
परवा एका नव्या सहकाऱ्याच्या फंक्शनला एकच शब्द दिला. फंक्शनने तो नीट परत दिला. तुमची फार आठवण झाली. तुमच्या घरी फोन केला, तर बरं असेल, काळजीचं नसेल, एवढंच कळतं. ऑपरेशन ठरलंय म्हणे. तुमच्या हातचं एक कार्ड पाठवा. लांबलचक नको. बरं हाय का न्हाई, एवढंच.
असंल नको."