अंतरपाट चुकलेला फोटोवाला

माझ्या लग्नात अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि फोटोवाला कॅमेऱ्याकडे पाठ करून पान चघळत होता.

"अरे, लगन लागलं ना बे! काऊन उभा राह्यला?" माझे वडील ओरडले.

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा आंध्रात गेला, ते साल. हा नवशिका तेलुगू माणूस करीमनगरकडून आलेला. तो मंगळसूत्र बांधायची वाट पाहत होता. आमच्या बेला गावात अंतरपाट निघाला की लग्न लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझा फोटो राहिला तो राहिलाच.

वर्षाने धाकट्या बहिणीच्या लग्नात तो पुन्हा आला. वडील त्याला हाकलून देत होते. तो कानाला हात लावून मला म्हणाला, "फोटू आता था अक्का, तुम्हारी शादी नहीं आती थी."

खरं बोलला, म्हणून मी त्याला ठेवून घेतलं. म्हटलं, "भटजीकडं पाहू नका. अंतरपाट धरणाऱ्याची बोटं पाहा. ढिली झाली की बटण दाबा."

त्याने मला वाळत घातलेलं धोतर अंतरपाटासारखं धरायला लावलं आणि पुन्हा पुन्हा सोडायला लावलं. बाया हसत होत्या. तो हसला नाही. शेवटी त्याचं बोट माझ्या बोटांबरोबर हललं.

त्या लग्नातल्या फोटोत अंतरपाट अर्धा खाली आला आहे आणि त्यावरून बहीण नवऱ्याकडे बघते आहे. मागे मी. असा फोटो गावात कोणाकडे नव्हता.

त्यातली बाकी सगळी गेली. मी आहे.