नाव घ्या आणि हाणा

आमचे चीफ रोज सकाळी ऑक्टोपसला मारायचे. म्हणजे तो मेलेलाच असायचा, बंदरावरून बर्फात आलेला. पण त्याच्या तंगड्या धरून ते त्याला मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवर असे आपटत, की शेजारच्या काकी एकदा नवराबायकोची मारामारी समजून धावत आल्या होत्या. आपटल्याशिवाय ऑक्टोपस मऊ शिजत नाही. आपल्याकडे तो सहसा कुणी खात नाही, जातो परदेशी. चीफनी त्याला कोकमाचं आगळ आणि मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला जपानी खारा लगदा, चोपडून, निखाऱ्यावर भाजून रत्नागिरीच्या ताटात आणला.

उमेदीची वर्षं जहाजांवर स्वयंपाक करण्यात घालवून त्यांनी मिरजोळ्याच्या रस्त्याला हॉटेल टाकलं होतं. उकड्या तांदळाचा रिसोटो, तिरफळ घातलेला मेक्सिकन सॉस, असलं सगळं. "सामान जगाचं आणा, पण ढेकर रत्नांग्रीचा आला पायजे," असं ते म्हणत. आला नाही तर ताट भिंतीवर. मी एकदा रिसोटोवर इटलीचं मशरूमचं तेल जरा सढळ हाताने ओतलं. ताट माझ्या कानाजवळून गेलं. "आपल्या भाताचा वास मारलास गो! खून हाय हा, खून!" मीही त्या दिवशी त्यांना सोडलं नाही, पळी फेकून मारली.

पण माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. राग बाहेर पायरीवर काढायचा आणि मग आत यायचं. ऑक्टोपस आपटायची पाळी प्रत्येकावर यायची, आणि ज्याचा राग आला असेल त्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागायचं. "नाव घ्या आणि हाणा." मी हेदवीहून सासर सोडून आलेली. दिराने केस धरून उंबऱ्याबाहेर काढलं होतं मला. त्याचं नाव घेऊन मी असे तडाखे द्यायची, की चीफ म्हणत, "पुरे गो बाय, दीर शिजला."

ते स्वतः मात्र रोज एकच नाव घेत. विलास. त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत वितळल्यासारखी होती. जहाजावर भांडणात त्यांच्या हाताखालच्या या विलासने उकळतं तेल फेकलं होतं. "दिसला की जीव घेईन," असं चीफ अगदी सावकाश म्हणायचे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

आणि एका दुपारी तो आला. पिकलेल्या केसांचा, खांदे पडलेला माणूस. मला म्हणाला, "चीफला सांग, लांज्याचा विलास आलाय. ऑक्टोपस खायचाय."

मी आधी सगळ्या सुऱ्या कपाटात कोंडल्या, मग सांगितलं. चीफनी एप्रन काढून खुंटीला लावला, बाहेर गेले आणि विलासला गचांडी धरून मुदपाकखान्यातून फरफटत मागच्या पायरीवर नेलं. मग मारलं. तोंडावर, बरगड्यांवर, पुन्हा तोंडावर. विलासने हात वर केला नाही. चिऱ्यावर दात पडला, रक्त पडलं, चीफच्या बोटांचं हाड कडकन वाजलं तरी ते थांबेनात. मी त्यांच्या पाठीला लोंबकळून ओरडत होते, "मरेल तो! तुम्ही तुरुंगात जाल, हॉटेल जाईल, मग मी कुठं जाऊ?" मला दुसरं घर नव्हतं हो.

विलास रक्त थुंकला. "हाण. पण खाल्ल्याबिगर जायचा नाय मी."

चीफचा हात वरच राहिला. "काय खाशील मेल्या? दात कुठं हायत आता?"

मग ते आत गेले. एका हाताने उकड्या तांदळाची पेज केली, त्यात नारळाचं दूध, मिसो आणि अगदी बारीक कुटलेला ऑक्टोपस. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि चमच्याने विलासला भरवू लागले. शिव्या देत होते, रडत होते, भरवत होते. नंतर दवाखान्यात विलासने डॉक्टरला सांगितलं, पायरीवरून घसरलो.

दुसऱ्या सकाळी चीफ डाव्या हातात ऑक्टोपस घेऊन पायरीवर उभे राहिले. तोंड उघडलं, नाव काही येईना. तसेच चार तडाखे मारले. त्या दिवशी ऑक्टोपस वातड झाला आणि गिऱ्हाईक बोललं. "तू हाण गो," चीफ मला म्हणाले, "तुझा दीर हाय अजून." त्यांची बोटं पुढे कधी नीट सरळ झालीच नाहीत.

गेल्या शिमग्यानंतर चीफ गेले. चुलीपुढे उभे होते आणि खाली कोसळले. जातो म्हणून सांगितलंही नाही मला. खांदा द्यायला विलास आला होता.

आता मुदपाकखाना मी चालवते. दिरावरचा माझा राग कधीच विरला. रोज सकाळी ऑक्टोपस घेऊन पायरीवर जाते, "चीफ!" असं ओरडते आणि हात दुखेपर्यंत आपटते. अगदी मऊ शिजतो.