पागाचा आवाज

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. कडेला शिशाच्या गोळ्या, दोर मनगटाला, कडेचा एक भाग दातांत. अंगाला पीळ देऊन सोडलं की ते ताटासारखं उघडून पाण्यावर पडतं. दासगावच्या खाडीत आमचे हे दिवसभर तेच करायचे. छप्पन-सत्तावन्न साल असेल, त्यांचं उजवं कोपर धरलं. जळ्ळं मेलं ते कोपर! साधा तांब्या उचलवेना.

सांगायची सोय नव्हती. मामंजींचे डोळे गेले होते, तरी ते डाव्या हातात काठी धरून रोज काठावरच्या खडकावर येऊन बसायचे आणि नुसत्या आवाजावरून पारखायचे. पाग नीट उघडला की 'छन्न', नाही उघडला की 'धप्प'. थोरले दीर मुंबईला गिरणीत होते, धाकट्याला पाठवा म्हणून त्यांचा लकडा चालू होता. मामंजींनी बजावलंच होतं, "पाग जमतोय तवर हितं राहा. नाय जमला तर मुंबईची गाडी धर." गिरणीवाल्याची बायको वर्षभर वाट कशी बघते, ते मी जाऊबाईंकडे रोज बघत होते. मला नको होतं ते. बस्स!

बिरवाडीच्या वैद्याने निरगुडीचा पाला बांधा आणि महिनाभर जाळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं. झालं! निरगुडीचा वास मामंजींना दहा हातांवरून आला असता. मग मी चोरून मिठाच्या गरम पुरचुंडीने शेकायची, आणि सकाळी परत पाग. दोन-तीन फेकींतच ह्यांचं तोंड पांढरंफटक व्हायचं. दातांत जाळं होतं म्हणून, नाहीतर ओरडलेच असते.

एका ओहोटीला 'धप्प' झालं.

"काय रे?" मामंजींनी मान वळवली.

"पाय सरकला, बा."

"बरं. टाक परत."

परत 'धप्प'.

मी मासळीची टोपली घेऊन शेजारीच उभी होते. सासरी बाईने मासळी विकायची, पण पागाला शिवायचं नाही. माहेरी मात्र आम्ही चौघी बहिणीच, म्हणून बापाने नाते गावच्या नदीवर मला पाग शिकवलेला. मी ह्यांच्या मनगटाचा दोर सोडला. हे मानेनेच नको नको म्हणत होते. मी डोळे वटारले, पदर खोचला, कड दातांत धरली आणि पाग सोडला.

छन्न!

"हां, आत्ता कसं!" मामंजी म्हणाले.

पुढे रोज तेच. पाग मी टाकायची, बोलायचं ह्यांनी. काठाने कुणी चाललं की मी तोंडावर बोट ठेवायची. एक शब्द कुणी बोललं की संपलं सगळं!

एका दुपारी भरलेला पाग ओढताना माझी बांगडी जाळ्यात अडकली आणि फुटली. काच मनगटात रुतली. मी हूं की चूं केलं नाही.

"बांगडी वाढवली काय गो?" खडकावरून आवाज आला.

हे जागच्या जागी थिजले.

"पहिल्या दिसापासनं वाजतायत त्या. वर सरकवत जा, जाळ्यात अडकतात." मग थोडं थांबून म्हणाले, "आनि त्याचा हात पुरता बरा झाल्याबिगर पाग त्याला देऊ नको. माझा असाच गेला. माझ्या हातातनं पाग कुनी काढून नाय घेतला."

मी बघितलं. काठी त्यांच्या डाव्या हातात होती, रोजच्यासारखीच. उजवा मांडीवर वाकडा पडला होता. मला रडूच फुटलं.