बाईंच्या कपाटातली कोरी चिठ्ठी

कमलाबाई गावंडे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी शांत चित्ताने लिहावे, अशी संपादकांची सूचना आहे. ती पाळणे मला जमणार नाही. बाईंशी ओळख झाल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी बाईच जबाबदार आहेत.

ही ओळख लोधीखेड्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली. मी सौंसरच्या शिक्षकाचा मुलगा. पुण्यातली नोकरी सोडून सरकारी आरोग्य केंद्रांसाठी एक यंत्रणा तयार केली होती. रक्तदाब मोजला की तो टॅबलेटवर आपोआप नोंदला जाई आणि धोका दिसला तर लगेच निरोप जाई. ती दाखवायला मी गेलो होतो. पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई कोपऱ्यात बसून लसीकरणाची यादी तपासून देत होत्या. माझे भाषण संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “बंद पडलं का कोनाले सांगाचं?”

मी मदत क्रमांक दाखवला. त्यांनी तो तिथेच लावायला लावला. पलीकडे बराच वेळ नुसते संगीत वाजत राहिले. तोवर बाईंनी मला चहा पाजला आणि मग आपल्या घरी नेले.

सौंसरच्या त्यांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. वेगवेगळ्या योजनांमधून आलेली आणि पुढे भंगारात निघालेली यंत्रे बाईंनी त्यात जपून ठेवली आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ‘चार्जर हरवला.’ ‘रिचार्ज संपलं.’ ‘साहेबांची बदली झाली.’ ‘अनुदान थांबलं.’ यंत्र बिघडले, असे एकाही चिठ्ठीवर नव्हते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

माझे यंत्रही त्या कपाटाच्या वाटेला लागलेच होते. प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे मी घरचा एकच मोबाईल नंबर नोंदवला होता. संत्र्याच्या हंगामात आपल्याकडे तो फोन घरधन्याच्या खिशात बसून मालाच्या गाडीबरोबर नागपूरला जातो, हे इथेच वाढलेल्या मला सुचू नये, याची आजही लाज वाटते. एका बाईचा रक्तदाब वाढल्याचा निरोप तिच्या नवऱ्याला मंडीत मिळाला. ती इकडे सुजल्या पायांनी कापूस निवडत बसली होती. नवऱ्याने घाबरून बाईंना फोन केला. बाईंनी ऑटो करून तिला दवाखान्यात पोचवले, म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

मी सगळे गुंडाळून पुण्याला परत जायचे ठरवले. ते सांगायला गेलो तेव्हा बाईंनी आधी झुणका-भाकर वाढली. ताट उचलल्यावर एक कोरी चिठ्ठी आणि पेन समोर ठेवले.

“तुमच्या यंत्राची चिठ्ठी तुमीच लिवा,” त्या म्हणाल्या. “काऊन बंद करून राहिले, मले काई समजून नाई राहिलं.”

मला एक अक्षर लिहिता आले नाही. ती चिठ्ठी कोरीच कपाटात गेली आणि माझे पुण्याला जाणे राहिले.

पुढे बाईंनी मला अख्खा पांढुर्णा-सौंसर पालथा घालायला लावला. देणगी घ्यायची ती फक्त यंत्र विकत घ्यायला, चालवायचा खर्च इथूनच उभा राहिला पाहिजे, ही त्यांची अट. कापसाचे जिनिंगवाले आणि संत्र्याचे पॅकिंग करणारे व्यापारी आपल्या मजुरांची तपासणी याच यंत्रणेवर करून घेऊ लागले आणि तिचे वार्षिक शुल्क देऊ लागले. त्यातून आशाताईंचे, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांचे, रिचार्ज आणि दुरुस्ती भागते. सरकारी केंद्रात येणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. दुरुस्ती पांढुर्ण्याचा एक मोबाईलवाला करतो. निरोप आता आधी आशाताईंना जातो, मग नर्सला, आणि कोणीच उचलला नाही तर बाईंना.

मध्यंतरी एक व्यापारी सगळाच भार उचलायला तयार झाला होता. बदल्यात त्याला रुग्णांची यादी हवी होती, औषधे विकायला. मी पाघळलो होतो, हे कबूल करतो. बाई मात्र चटकन म्हणाल्या, “लोकाइनं आपलं दुखनं आपल्यापाशी सांगतलं, इकाले नाई देल्लं.” त्या व्यापाऱ्यालाही चहा मिळाला, यादी मिळाली नाही.

गेल्या महिन्यात बाईंनी मला बोलावून आपला नंबर यंत्रणेतून काढायला सांगितले. मी टाळाटाळ केली. शेवटचा आधार कसा काढायचा? बाई कपाटाकडे बोट दाखवत म्हणाल्या, “मंग त्या कोऱ्या चिठ्ठीवर लिवून टाका, बाई गेल्या म्हनून बंद.”

मी नंबर काढला आणि तेव्हापासून दर तासाला टॅबलेटचा पडदा बघतो आहे. परवा, मंगळवारी, तिगावच्या एका गरोदर बाईचा रक्तदाब वाढल्याचा निरोप आला. आशाताईंनी तो उचलला, गाडी बोलावली, तासाभरात ती पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पोचली. मी बाईंना फोन लावला, तर त्या जामसावळीच्या देवळात दर्शनाच्या रांगेत होत्या. त्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते. ऐकून घेतले आणि “बरं झालं, आता ठेवा, माहा नंबर लागून राहिला,” म्हणाल्या.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, शंभरीलाही आम्हाला त्यांच्या हातचा चहा मिळो. त्यांचा फोन नातवंडांसाठी खुशाल वाजू दे, आमच्यासाठी मात्र पुन्हा कधी वाजू नये. आणि ती चिठ्ठी कोरीच राहो.